झाकण उघडण्याआधी

कांता तांबे निवृत्त झाली त्या दिवशी वॉर्डातल्या सिस्टरांनी तिला साडी दिली, नारळ दिला आणि वर एक स्टँपपॅड दिलं. जुनं, पत्र्याचं, झाकणाला गंज चढलेलं. सगळा वॉर्ड हसला. कांताही हसली आणि मग पदरानं डोळे पुसत म्हणाली, "हे मला देताय होय गं बायांनो? मग आता पेशंटला विचारणार कोण?"

हसण्यामागची गोष्ट ठाऊक नसेल तर हे सगळं विचित्रच वाटेल. ती गोष्ट अशी.

परळच्या एका मोठ्या इस्पितळात कांतानं तेहतीस वर्षं आयाबाईची नोकरी केली. बेडपॅन द्यायचं, चादरी बदलायच्या, पेशंटला स्ट्रेचरवर घालून थिएटरच्या दारापर्यंत न्यायचं. आणि यातच एक बारीकसं काम, ज्याला कुणी काम म्हणून धरतही नसे. ऑपरेशनच्या फॉर्मवर ज्याला सही करता येत नाही त्याचा अंगठा धरायचा, शाईवर टेकवायचा आणि कागदावर दाबायचा. आजारी माणसाचा हात थरथरतो, अंगठा फरफटतो, कागद खराब होतो, म्हणून आयाबाईनं धरायचा, एवढंच. कांताच्या हातातून किती अंगठे गेले असतील त्याची गणती नाही. गिरणीत धागा जोडून जोडून चिरलेले, मासळीच्या खवल्यांनी खरखरीत झालेले, भांडी घासून घासून रेषाच पुसून गेलेले. त्या रेषा नसलेल्या अंगठ्यांचा ठसा नुसता निळा डाग उमटायचा. कांता तो डागही नीट चौकटीत बसवायची. हात चांगला म्हणून तिचं नाव होतं.

नोकरीला लागून चार वर्षं झाली असतील, तेव्हा वॉर्डात रखमाबाई आली. देवगडकडची, साठीची, साखरेनं पाय सडलेला. हाऊसमन, म्हणजे वॉर्डातला शिकाऊ डॉक्टर, पोरगेलासा होता, आदल्या रात्रीचा जागा. त्यानं फॉर्म पुढे केला, "आजी, पाय बरा करायचाय ना? लावा अंगठा." कांतानं अंगठा धरला. ठसा छान उमटला.

दुसऱ्या दिवशी रखमाबाईनं पांघरूण सारून पाय पाहिला. दोन बोटं नव्हती. ती ओरडली नाही, रडली नाही. कांता बेडपॅन घेऊन आली तेव्हा तिनं तिचं मनगट धरलं.

"बाय गे, माझो हात तूच धरललंस मां? मगे माका सांगलंस कित्याक नाय?"

कांता गडबडली. "अहो आजी, डॉक्टरांनी केलं. पाय वाचला तुमचा. नाहीतर वर चढलं असतं."

"बोटां गेली तर गेली," रखमाबाई म्हणाली. "सडान जावच्यापेक्षा बरा. पण जोडवी मी माझ्या हातान काढून ठेवलंय असतंय. घोवान घातलली ती."

जोडवी थिएटरात कापून काढली होती आणि कागदाच्या पुडीत बांधून उशाखाली ठेवली होती. एक वाकडं झालं होतं. रखमाबाई आठवडाभर वॉर्डात होती, त्यानंतर एकदाही या विषयावर बोलली नाही. जाताना कांताच्या हातावर दोन कोकमं ठेवून गेली. पण तिनं धरलेलं ते मनगट कांताच्या मनातून गेलं नाही. ऑपरेशन चुकलं नव्हतं, डॉक्टर चुकला नव्हता, पाय खरंच वाचला होता. तरी काहीतरी चोरीला गेलं होतं, आणि चोरट्याच्या हाताला हात कांतानं लावला होता.

त्यानंतर कांतानं एक सवय लावून घेतली. स्टँपपॅड ती स्वतःच्या खिशात ठेवू लागली. फॉर्म आला की पेशंटजवळ स्टुलावर बसायची, पॅड मांडीवर ठेवायची, आणि झाकण उघडायची नाही.

"आधी सांग बघू, तुझं काय करणारेत?"

"भूल देणार."

"आणि मग?"

"मग देव बघंल."

"देव नंतर बघेल, आधी डॉक्टर बघणारेत. कुठं कापणार? का कापणार? नाही कापलं तर काय होईल? जा हो डॉक्टर, परत सांगा याला."

डॉक्टर लोक वैतागायचे. थिएटर थांबलंय, मोठे सर ओरडताहेत आणि ही आयाबाई झाकणावर हात ठेवून बसलीये. "मावशी, पॅड उघडा ना!" "उघडते की डॉक्टर. पेशंट सांगू दे." एका सिस्टरनं तिची तक्रारही केली होती, मेट्रनकडे बोलावणं आलं होतं. मेट्रन म्हणाल्या, "कांताबाई, हे तुमचं काम आहे का?" कांता म्हणाली, "नाही मॅडम. पण अंगठा मी धरते ना."

तिचं हे खूळ सुटलं असतं किंवा सोडवलं गेलं असतं, पण मध्ये सीताराम नावाचा एक जण आला. भायखळ्याच्या भाजीबाजारात हमाली करणारा, हर्नियावाला. कांतानं नेहमीप्रमाणे विचारलं.

"जाळी बसवणारेत आत," सीताराम ऐटीत म्हणाला. "आमच्या खिडकीला डासांसाठी बसवली तशी. आतडं बाहेर येऊ नये म्हणून."

"वा! कुठल्या अंगाला?"

"डाव्या."

कांतानं फॉर्मकडे पाहिलं. ती सातवी शिकलेली, इंग्रजी अक्षर लावून वाचायची, पण 'राइट' वाचायला तेवढं पुरतं. तिनं पॅड परत खिशात टाकलं आणि हाऊसमनला म्हणाली, "डॉक्टर, यांचं डावं दुखतंय आणि तुमचं उजवं." हाऊसमन फॉर्म घेऊन पळाला. मग मोठे सर स्वतः आले, सीतारामचं पोट दाबून पाहिलं, फॉर्म फाडला, नवा लिहिला. त्या दिवसापासून सर राउंडला आले की विचारायचे, "मावशींचं झाकण उघडलं का? मग घ्या पेशंटला." ते इस्पितळ सोडून गेले तरी ते वाक्य वॉर्डात राहिलं.

म्हणून ते निवृत्तीचं स्टँपपॅड.

आता हीच कांता घरी कशी वागली तेही सांगायला हवं, नाहीतर चित्र पुरं व्हायचं नाही.

तिचा नवरा भिवा. गिरणी बंद पडल्यावर वीस वर्षं एका ऑफिसात वॉचमन होता. बोलका, चेष्टेखोर, चाळीच्या विहारातल्या प्रत्येक कार्यक्रमात खुर्च्या मांडायला पुढे. त्याच्या पोटात दुखायला लागलं तेव्हा कांतानं त्याला आपल्याच इस्पितळात नेलं. तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी तिला बाजूला घेतलं. चार महिने, फार तर सहा. डॉक्टरांनी विचारलं, "यांना कोण सांगणार? तुम्ही की मी?"

आणि कांता म्हणाली, "सांगू नका. अल्सर म्हणा."

का म्हणाली हे तिला अजून नीट सांगता येत नाही. हजार माणसांना विचारणारी बाई, पण त्या हजारांतल्या कुणाच्या ताटात तिनं भाकरी वाढली नव्हती. फॉर्मवर सही लागली ती तिनं केली, पत्नी म्हणून. पॅड उघडावंच लागलं नाही.

भिवाची मोठी बहीण मंडणगडच्या बाजूला गावी होती. सगळे तिला आक्का म्हणत. घराच्या वाटणीवरून बहीण-भावात अबोला होता, बारा वर्षांचा. त्या दिवसांत भिवा दोनतीनदा म्हणाला, "हा अल्सर जरा थंड झाला की गावी जाऊन येतो. आक्काचं तोंड बघायचंय. म्हातारी झाली असेल." कांता म्हणायची, "जाऊ की. पाऊस सरू दे." पाऊस सरला आणि भिवाही गेला.

भिवा गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला आक्का आली. गॅलरीत भिंतीला टेकून बसली, भांडली नाही. निघताना एवढंच म्हणाली, "कांता, एक फोन केला असतास."

हे बोलणं कांतानं कुणाला सांगितलं नाही, मुलालाही.

*

मुलगा राजरत्न आता अडतिसाचा. एका बँकेच्या मागच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर बसतो. सून अक्षता शाळेत शिकवते. डिलाईल रोडच्या चाळीतली तीच खोली, पुनर्विकासाच्या यादीत नाव लागून उभी राहिलेली. कांता सहासष्टची. दर वर्षावासात, आषाढी पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत, विहारात संध्याकाळी ग्रंथवाचन असतं आणि गेली सहा वर्षं ते कांताच करते. तिचा आवाज मोठा नाही, पण स्पष्ट, सावकाश, शेवटच्या ओळीतल्या म्हाताऱ्यालाही शब्द न् शब्द पोचवणारा. शेजारची कमल म्हणते, "हिनं रेशनकार्ड वाचलं तरी मी बसून ऐकेन."

यंदाच्या वर्षावासात, साधारण मध्यावर, अक्षतानं पाहिलं की पाणी पिताना आईंच्या गळ्यात काहीतरी वरखाली होतं. राजरत्ननं रजा काढली, लोअर परळच्या एका काचेच्या हॉस्पिटलात नेलं. सोनोग्राफी झाली, सुई घालून पाणी काढलं. रिपोर्ट आणायला राजरत्न एकटा गेला. परत आला तो नको इतका हसत.

"साधी गाठ आहे, आई. थायरॉइडची. काढून टाकायची, दोन दिवसांत घरी. पुढच्या बुधवारची तारीख घेतलीये."

"फाइल कुठाय?"

"ऑफिसात राहिली."

चाळीच्या खोलीत लपवायला जागा असते तरी किती? दुसऱ्या दिवशी तांदूळ काढताना डब्यामागे फाइलचा निळा कोपरा कांताला दिसला. वाचायचं मनात असतं तर पाच मिनिटांचं काम होतं. तिनं तांदूळ काढले, डबा होता तसाच सरकवला. दोन दिवस ती रोज तांदूळ काढत राहिली आणि रोज डबा सरकवत राहिली. तिला ते चोरून वाचायचं नव्हतं. कुणीतरी समोर बसून सांगावं, एवढंच हवं होतं.

तिसऱ्या दिवशी, विहारात जायच्या आधी चहा पिताना तिनं विचारलं.

"राजू, माझं काय करणारेत?"

"सांगितलं ना आई. गाठ काढणार."

"कुठल्या अंगाची?"

"उजव्या."

"अर्धी ग्रंथी काढणार की सगळी?"

राजरत्ननं बायकोकडे पाहिलं. "सगळी. एकदाच काय ते होऊन जाऊ दे, परत कटकट नको."

"कुणी ठरवलं?"

"आम्ही."

"गळा माझा, गाठ माझी आणि ठरवलं आम्ही," कांता म्हणाली. "छान."

"आई, तुम्हाला टेन्शन नको म्हणून हो," अक्षता मधे पडली. "बीपी आहे ना तुमचं."

"बीपीची गोळी खाते मी. विचारलेलं चालतं मला, न विचारलेलं चालत नाही. अख्ख्या इस्पितळाला विचारत फिरले मी, आणि घरात..."

"घरात काय?" राजरत्नचा आवाज एकदम चढला. "घरात तू बाबांना सांगितलंस? चार महिने अल्सर अल्सर चाललं होतं. मला म्हणालीस, तोंड उघडलंस तर बघ. तुझ्याकडूनच शिकलो ना मी!"

अक्षता म्हणाली, "अहो!" पण तोवर बोलून झालं होतं.

कांतानं कप ठेवला, चष्मा घेतला आणि विहारात गेली. त्या संध्याकाळी वाचताना ती दोनदा अडखळली. कमलनं पाण्याचा पेला पुढे केला. लोकांना वाटलं, गाठीमुळे.

सकाळी राजरत्न दाढी करत होता तेव्हा ती त्याच्यामागे येऊन उभी राहिली. आरशात दोघांची तोंडं दिसत होती. समोरासमोर बोलण्यापेक्षा ते सोपं गेलं असावं.

"काल बोललास ते खरं आहे," ती म्हणाली. "मी सांगितलं नाही त्यांना. त्यांना आक्काला भेटायचं होतं, राजू. अल्सर बरा झाला की जातो म्हणत होते. आपल्याला किती दिवस आहेत हे कळलं असतं तर त्याच आठवड्यात एसटीत बसले असते. मी बसू दिलं नाही. मला भीती वाटली, ते खचतील. खरं म्हणजे खचायची मला भीती होती, आणि अंगठा मी त्यांचा लावला."

राजरत्नच्या अर्ध्या गालावर साबण तसाच होता. "आत्याचं मला माहीत नव्हतं," तो म्हणाला.

"कुणालाच नाही. आता तुला आहे. मी चुकले म्हणून तू चुकायलाच पाहिजे असं नाही."

त्यानं तोंड पुसलं, तांदळाचा डबा सरकवला, फाइल काढली.

"तिथे आहे ते मला माहीत होतं," कांता म्हणाली.

"वाचलीस?"

"नाही. तू देशील म्हणून थांबले."

मग तो तिच्यासमोर जमिनीवर मांडी घालून बसला आणि त्यानं सांगितलं. कॅन्सर आहे. बारीक आहे. हळू वाढणारा आहे. हा शब्द कांतानं तेहतीस वर्षं रोज ऐकला होता, तरी आपल्या खोलीत, आपल्या मुलाच्या तोंडून, तो वेगळाच वाजला. तिनं उठून रात्रीचे कप धुतले, पुसले, पालथे घातले. मग परत येऊन म्हणाली, "हं. आता डॉक्टरकडे चल. मला प्रश्न आहेत."

*

गणपतीचे दिवस. लालबागच्या बाजूनं टॅक्सीवाला यायला तयार होईना, म्हणून तिघं चालतच पूल ओलांडून हॉस्पिटलात गेली. डॉक्टर मेघना चाळिशीच्या, केस मागे घट्ट बांधलेल्या. सवयीनं त्यांनी फाइल राजरत्नच्या पुढे उघडली. राजरत्ननं ती उचलून आईपुढे ठेवली.

डॉक्टरांनी आपली खुर्ची कांताकडे वळवली. "बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "मागच्या वेळी मी तुमच्याशीच बोलायला हवं होतं. मुलगा म्हणाला सांगू नका, आणि मी मान डोलावली. चूक माझी."

डॉक्टरानं आयाबाईला चूक माझी म्हणावं, हे कांतानं उभ्या नोकरीत ऐकलं नव्हतं. ती म्हणाली, "बसा ना नीट. मला सावकाश सांगा."

डॉक्टरांनी कागदावर चित्र काढलं. गळ्यात फुलपाखरासारखी ग्रंथी, दोन पंख. उजव्या पंखात दीड सेंटीमीटरची गाठ. वाटा दोन, आणि तिच्या बाबतीत दोन्ही चालण्यासारख्या. बोलणं अर्धा तास चाललं. बाहेरून कुणीतरी दोनदा दार ढकललं, डॉक्टरांनी दोनदा हातानंच थांबवलं. त्यांचं संपल्यावर कांतानं चष्मा सारखा केला.

"थांबा. आता मी परत सांगते, चुकलं तर टोका. सगळी काढली तर जन्मभर रोज सकाळी गोळी. कॅल्शियम कमी होऊ शकतं. आवाजाच्या दोन नसा, दोन्हींच्या शेजारी सुरी. पण नंतर तपासण्या सोप्या, जिवाला घोर कमी. अर्धी काढली तर एकाच नसेजवळ काम, गोळी कदाचित नाही लागणार. पण दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी, आणि काढलेल्या तुकड्यात काही वाईट निघालं तर परत टेबलावर चढायचं. बरोबर?"

"अगदी," डॉक्टर म्हणाल्या. त्या तिच्याकडे बघतच राहिल्या होत्या. "हे परत सांगायचं तुम्हाला कुणी शिकवलं?"

"रखमाबाईंनी."

"कुठल्या हॉस्पिटलला होत्या त्या?"

"माझ्याच वॉर्डात होत्या," कांता म्हणाली. "पेशंट होत्या."

मग तिनं मुलाकडे वळून विचारलं, "तुझं काय म्हणणं? बोल, मी ऐकणार. ठरवणार मी, पण ऐकणार."

राजरत्न म्हणाला, "सगळी काढ. मला परत तेच नकोय, आई. रिपोर्टची वाट बघत जिन्यात बसणं." कांतानं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही.

"अर्धी," ती डॉक्टरांना म्हणाली. "मी वाचते हो, विहारात. दोन्ही नसांचा जुगार मला नको. पण उघडल्यावर शेजारच्या गाठींत पसरलेलं दिसलं तर मग सगळी काढा, थांबू नका. तसं फॉर्मवर लिहा. एवढं याच्यासाठी. आणि तारीख बुधवारची नको. अश्विन पौर्णिमेला ग्रंथ संपतो, पाच आठवडे आहेत. त्यानंतर. चालेल?"

"आई, कॅन्सर आहे! वाट कसली बघतेस?" राजरत्न उसळला.

"त्यांना विचार."

डॉक्टर म्हणाल्या, या प्रकारच्या गाठीला पाच आठवड्यांनी फरक पडत नाही. पडत असता तर त्यांनी नाही म्हटलं असतं.

फॉर्म इंग्रजीत होता. कांतानं मराठी मागितला. शोधाशोध झाली, तिसऱ्या मजल्यावरून एक प्रत आली. कांतानं ती वाचनाच्या आवाजात, सावकाश, पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्यानं वाचली. बाहेर बाकावर बसलेले पेशंट दारातून डोकावू लागले. "कसली पोथी चाललीये?" एक म्हातारा बायकोला विचारत होता. बायको म्हणाली, "गप ऐका, आपल्याला पण लागणारे." कांतानं 'उजवा' या शब्दाखाली बोट ठेवलं, डॉक्टरांनी त्यावर गोल केला, मग कांतानं सही केली. कांता भिवा तांबे, पूर्ण नाव, काना-मात्रा न चुकवता.

हॉस्पिटलाच्या पायऱ्यांवरच तिनं राजरत्नकडे फोन मागितला. गावी आक्काला लावला. आक्का आता ऐंशीची, ऐकायला कमी. कांताला ओरडूनच सांगावं लागलं, ढोल-ताशांच्या आवाजात, येणारे-जाणारे वळून बघत असताना.

"आक्का, जयभीम! कांता बोलतेय! माझ्या गळ्यात गाठ आहे. कॅन्सरची! हो, मीच सांगतेय. नाही, रडत नाहीये. पौर्णिमेनंतर ऑपरेशन. तुम्हाला आधी कळावं म्हणून!"

पलीकडून आक्काचा बारीक आवाज आला.

"बरं झालं फोन केलास गं."

आक्का पौर्णिमेच्या चार दिवस आधी आली, पुतण्या तिला एसटीनं घेऊन आला. विहारात पहिल्या रांगेत खुर्चीवर बसून तिनं शेवटची चार वाचनं ऐकली. ऐकू किती आलं कोण जाणे, पण ती कांताच्या ओठांकडे बघत होती.

ऑपरेशन झालं. अर्धीच काढावी लागली. तुकड्याचा रिपोर्ट चांगला आला. तो आणायला या वेळी तिघं गेली होती, आणि पाकीट कांतानं फोडलं. एक मात्र झालं. नस दुखावली नव्हती, तरी तिला सूज आली, आणि कांताचा आवाज जाड झाला, खर्जात गेला. डॉक्टर म्हणाल्या, काही महिन्यांत सुधारेल, थोडा फरक कदाचित कायमचा राहील. राजरत्नचं तोंड पडलं. कांता म्हणाली, "सांगितलं होतं की त्यांनी. चित्रसुद्धा काढलं होतं."

घरी आल्यावर तिनं आधी कपाटातलं ते गंजकं स्टँपपॅड काढलं. गेली कित्येक वर्षं अक्षता त्यात सेफ्टी पिना ठेवायची. कांतानं पिना वाटीत ओतल्या, झाकण पुसलं आणि पॅड भिवाच्या फोटोखाली ठेवलं. अक्षतानं विचारलं, "कशाला आई?" ती म्हणाली, "असू दे. त्यांना विचारायचं राहिलंय माझं. आणि रखमाबाईचा तर फोटोही नाही माझ्याकडे. दोघांना मिळून हे."

महिन्याभरानं रविवारच्या वंदनेला ती विहारात गेली. त्रिशरण तिनंच सांगायचं असा सगळ्यांचा आग्रह पडला. तिनं सुरुवात केली आणि मागच्या ओळीतून एक पोरगी खुदकन हसली, कारण आवाज आजोबांसारखा यायला लागला होता. संपल्यावर कमल जवळ आली, हळहळत.

"काय गं कांता, सोन्यासारखा आवाज. बसला की गं तुझा."

"बसलाय," कांता म्हणाली. "पण मला विचारून बसलाय."

आणि चपला शोधत असलेल्या राजरत्नला तिनं हाक मारली, जिना उतरताना आपला हात धरायला.